बिनआवाजाचं बोलणं

भिलाई, सेक्टर २
३ मार्च १९६३

चि. शामराव यास,

तुझ्या आईचं नाव भागाबाई. रंग सावळा, डाव्या गालावर तीळ, समोरचे दात नाहीत. ती जिवंत आहे. तुझ्या लक्षातून गेलं असेल म्हणून आधी एवढं लिहून घेतलं. ओळख पटली तर पुढचं वाच, नाही पटली तर पोस्टमनले परत दे आणि सांग, ह्या नावाची बाई आमच्या नात्यात नाही.

हे पत्र शेजारची अन्नपूर्णा लिहून राहिली आहे. भिंतीपलीकडच्या क्वार्टरमध्ये राहते, आपल्या आर्वीकडचीच, सातवी पास. तिचा नवरा धोंडबा म्हणजे तुझ्या भावाचा, देवरावचा मुकादम. तिचं अक्षर चांगलं आहे म्हणतात. मले काय, कागदावर माशी बसली काय आणि अक्षर बसलं काय, सारखंच. मी 'माह्या' म्हणते तिथं ही 'माझ्या' लिहिते. तिले म्हटलं, तुझ्या शाळेची लाज राख, पण 'मले' तरी 'मले' राहू दे, नाहीतर शामराव म्हणेल ही दुसऱ्याच कोणाची आई आहे. त्यावर ती हसून राहिली आहे आणि ओळ वाकडी गेली आहे.

कांतालेही लिहिता येते. मग घरातली सून सोडून शेजारीण कावून, असं तू विचारशील. तर ऐक, आणि देवरावले कळवू नको. तसंही तू त्याच्याशी बोलत नाहीस, म्हणून तर तुले सांगून राहिली.

मले ऐकू येत नाही.

थंडी लागली तेव्हाची गोष्ट. एक दिवस सकाळचा भोंगा वाजलाच नाही. मी खुशीत. म्हटलं, कारखाना बंद पडला, देवराव घरी राहील. ओट्यावर येऊन पाहते तर सायकलींची रांग, सगळे कामावर जाऊन राहिले. दुसऱ्या दिवशीही भोंगा नाही. तेव्हा समजलं, कारखाना चालू आहे, मीच बंद पडली. तिकडे खांब ठोकायचा घण पडतो तो मले आता तळपायानं कळते. मडक्यातलं पाणी थरथरलं की मी म्हणते, पडला.

कांताले सांगितलं नाही. बहिरी म्हातारी म्हणजे घरातलं जास्तीचं भांडं. कोणी टाकून देत नाही, पण फळीवर मागं सरकवतात. म्हणून मी मनाशी ठरवलं, कान गेले तर जाऊ दे, डोळे आहेत. लोकांचे ओठ वाचायचे. सगळ्या जन्मात एक अक्षर वाचलं नाही, आता एकदम माणसं वाचीन. हसू नको.

शाळा कुठं काढली माहीत आहे? विहारात. विहार म्हणजे काय, चार खांब आणि पत्रे. रविवारी सगळे वंदनेला बसतात. तिथं प्रत्येक जण तेच शब्द म्हणते, आणि नागपूरला दीक्षा घेतली तेव्हापासून ते शब्द मले पाठ आहेत. आता कोणता शब्द येणार हे आधीच माहीत, फक्त तो ओठावर कसा दिसतो ते पाहायचं. 'बुद्धं' म्हणताना ओठ चिमटीत धरल्यासारखे होऊन पुढं येतात. 'सरणं' ले दात दिसतात. 'गच्छामि' ले तोंड उघडून परत मिटते. सगळा मांडव एकच ओळ दाखवून राहिला, आणि मी ती पाटीवर गिरवल्यासारखी गिरवून राहिली. सगळ्यात साफ ओठ धोंडबाचे. तोच पुढं उभा राहून वंदना सांगते, आणि त्याले मिशी नाही. मिशीवाला माणूस म्हणजे दार लावलेलं घर.

आठवडाभर अन्नपूर्णा सराव करून घेते. भिंतीवरून आवाज न काढता भाज्यांची नावं म्हणते. मी काल कोहळं ओळखलं, कारलं चुकली. प, ब आणि म हे ओठावर जुळे भाऊ आहेत, कोणता कोणता ते आजूबाजूच्या शब्दांवरून ताडायचं. क आणि ग तर घशातच बसून राहतात, बाहेर येत नाहीत. तुझ्यासारखे.

बाकी बरं आहे. हं, एक राहिलं. देवरावच्या टोळीतला कवडू मेला. नव्या भट्टीची चिमणी उभी करून राहिले, तिथं माणसं पाळण्यात बसून वर जातात, तारेच्या दोरानं पाळणा ओढतात. एका दुपारी पाळणा खाली आला आणि कवडू त्याच्या आधी आला. पाय घसरला म्हणतात. धोंडबानं सगळ्यांना तसंच सांगितलं. कवडूची बायको रुक्मा गावी गेली. काम सध्या थांबलं आहे. सुरू होईल तेव्हा त्या पाळण्यात कवडूच्या जागी देवराव बसेल.

तू रुळावरून उतरलेले डबे क्रेननं उचलतोस, तुले दोराचं समजते. भावाले दोन ओळी लिही. तू त्याले रेल्वेच्या गँगमध्ये चिकटवलं, तो सोडून इथं पळून आला, तुझं नाक कापलं गेलं, सगळं खरं. पण पाच वर्षं झाली. एवढ्यात नाक पुन्हा फुटलं असेल.

तुझी आई भागाबाई, तिचा अंगठा


२४ मार्च १९६३

शामराव,

तुझं पुडकं पोचलं. दुर्ग स्टेशनातला तुझा माणूस सायकलवर आणून देऊन गेला. आत फुटाणे, चिठ्ठी नाही. पुडक्याचा कागद अन्नपूर्णाले दाखवला, म्हटलं यात काही लिहिलं असेल तर वाच. ती म्हणाली, आजी, हे वर्तमानपत्र आहे, यात कोणा पहिलवानाची कुस्ती आहे.

दात नसलेल्या आईले फुटाणे. मागच्या पत्रात पहिल्याच ओळीत दात लिहून घेतले होते. म्हणजे तू पहिली ओळसुद्धा वाचली नाहीस, किंवा वाचून चिडलास. दोन्ही चालेल, पुडकं तर आलं. फुटाणे देवरावनं खाल्ले. कोणी पाठवले त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही, पण शेवटचा संपेपर्यंत तो उठला नाही.

माझी शाळा पुढं सरकली. कांता आधी चुलीकडे तोंड करून बोलायची, मी तिच्या अंबाड्याले उत्तरं द्यायची. आता मी म्हणते, मोठ्यांशी पाठ करून बोलू नये. ती मुकाट्यानं वळते. मोठेपणाचा असा उपयोग असतो हे मले या वयात कळलं.

घरातली तोंडं झाली की मी ओट्यावर बसते. समोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी. तिथं सगळ्या मुलखाची माणसं येतात. हिंदीवाल्यांचं अर्धं समजते. तेलुगू माणसाचे ओठ इतके भरभर चालतात की पाहून मलेच दम लागते. एकदा रशियन साहेब आला होता, त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं. तो बोलून राहिला की बिस्किट खाऊन राहिला, शेवटपर्यंत कळलं नाही.

पण एक गोष्ट मी शोधून काढली. भट्टीवर, दोर ओढायच्या विंचवर, घणाजवळ काम करणारी माणसं आवाजच काढत नाहीत. तिथं गोंगाट इतका की बोलून उपयोग नाही, म्हणून नुसते ओठ हलवतात आणि समोरचा समजते. ती सवय घेऊनच ते टपरीवर येतात. चार माणसांत बसून बिनआवाजाचं बोलतात आणि त्यांना वाटते, कोणाले कळलं नाही. भर रस्त्यात आंघोळ करून राहिले आणि समजतात आडोसा आहे. अन्नपूर्णा म्हणते, आमच्याकडे हेही घरी तसंच बोलतात, जेवताना मीठ मागतात तेही ओठांनी. मी त्यांना म्हणते, जरा आवाज काढा, मी काय तुमची विंच आहे.

देवराव म्हणते, वैशाखी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी चिमणीचं काम पुन्हा सुरू. पावसाच्या आधी पुरी करायची आहे.

परवा टपरीवर धोंडबाही होता, ठेकेदाराच्या माणसासोबत. बाजूले माणसं होती म्हणून दोघं आपले ओठांनीच बोलून राहिले. धोंडबाचे ओठ म्हणजे माझी पाटी. मी पाहत बसली.

पुढचं राहू दे. अन्नपूर्णाचा चहा उतू जाऊन राहिला, तिले घरी जायचं आहे.

भागाबाई


१५ एप्रिल १९६३

शामराव,

काल जयंती झाली. मिरवणूक मरोद्यापर्यंत गेली. धोंडबानं भाषण केलं. चांगलं झालं असेल, मले काही समजलं नाही. अन्नपूर्णाले सांगितलं, हे लिही, की मले काही समजलं नाही.

ओठांचं खूळ मी सोडून दिलं. डोळे दुखतात. म्हातारपणी नवीन शिकू नये, शिकलेलंही पडून जाते. धोंडबानं मले विचारलं होतं, आजी, तुम्ही टपरीकडे काय पाहता. मी सांगितलं, उन्हाले पाहते. तेही लिही म्हटलं.

दाढ दुखून राहिली आहे. तू ये. सुट्टी नसेल तर आजारी पड आणि ये. पौर्णिमेच्या आधी ये. दाढेचं दुखणं पौर्णिमेनंतर वाढते असं ऐकलं आहे.

देवराव बरा आहे.

भागाबाई

ता.क. हे मी, अन्नपूर्णा, माझ्या मनानं लिहिते आहे, आजींना सांगितलेलं नाही. त्यांची दाढ दुखत नाही. तरी तुम्ही यावं.


२० एप्रिल १९६३

शामराव,

अक्षर बदललं म्हणून घाबरू नको, माय तीच आहे. हे कांताच्या हातचं आहे. ही जसं बोलते तसंच लिहिते, म्हणून आता 'माह्या' म्हणजे 'माह्या'. मागलं पत्र विसरून जा. विसरणं तुले अवघड नाही.

मी कांताले सगळं सांगतलं. कान गेले हे सांगाले तोंड उघडलं तर ही म्हणे, आत्याबाई, मले थंडीपासूनच माहीत आहे. म्हणून तर तुम्ही सांगाल तशी वळत होती. पाहा, एवढे दिवस मी हिच्यापासून लपवून राहिली अन् ही माह्यापासून. दोघी चोर, अन् चोरी एकच.

आता ऐक. टपरीवर मी काय वाचलं ते अन्नपूर्णाच्या हातानं कसं लिहू? तिच्याच नवऱ्याचं होतं.

ठेकेदाराच्या माणसानं विचारलं, त्या कवडूचं काय झालं होतं खरं. धोंडबा म्हणे, पाय नाही घसरला. दोराच्या तारा तुटल्या होत्या, पाळणा एका अंगाले झुकला, तो बाहेर पडला. तो माणूस म्हणे, मग दोर? धोंडबा म्हणे, वरून ग्रीस चोपडला की दिसत नाही. चिमणी पुरी होऊ द्या, मग पाहू. तो म्हणे, अन् माणसं? धोंडबानं कप खाली ठेवला, ओठ पुसले, म्हणून पुढचं मले इतकं साफ दिसलं की जसं कानात सांगून राहिला. म्हणे, देवरावची टोळी आहे ना. आपलेच पोट्टे आहेत. मी सांगतलं तर विचारत नाहीत.

शामराव, ज्या ओठांवर मी 'मुसावादा वेरमणी' शिकली, खोटं बोलणार नाही म्हणून, तेच हे ओठ. तिथं शिकली म्हणूनच इथं एक शब्द चुकली नाही.

देवरावले सांगतलं. मी म्हटलं, त्या पाळण्यात बसू नको. तो म्हणे, "माय, कान गेले अन् आता डोळ्यानं ऐकून राहिली का?"

मी म्हटलं, हो.

"धोंडबा दादा वंदना सांगते. माह्या लग्नात पुढं होता. तो असं करीन?"

"करीन का नाही ते मले माहीत नाही. म्हणाला ते माहीत आहे."

"टपरी किती दूर आहे, अन् तुह्ये डोळे किती."

"तू बारीक असताना तुह्ये डोळे पाहूनच ताप ओळखत होती, तेव्हा नाही विचारलं किती दूर."

तरी तो धोंडबाले जाऊन विचारून आला. तिथंच घोटाळा झाला. धोंडबानं त्याले गोदामात नेलं अन् तारेच्या नव्या दोराचं गुंडाळं दाखवलं. चकचकीत. म्हणे, हा लावाचा आहे, आजीले सांग. देवराव घरी आला तो लाल होऊन. आता माह्याशी बोलत नाही. आमच्या घराण्यात रागावले की मुके होतात, हे तुले मी सांगाले नको.

दुसऱ्या दिवशी धोंडबा आमच्या ओट्यावर येऊन बसला. तोंड मोठं करून म्हणे, "आजी, ओठ वाचता म्हणे तुम्ही?" मी कानावर हात ठेवला अन् म्हटलं, "वाटाणे? नाही बाप्पा, घरात नाहीत." तो हसला. ओठ हसले, डोळे माह्या डोळ्यावरून हलले नाहीत. जाताना त्यानं भिंतीकडे पाहिलं. भिंतीपलीकडे अन्नपूर्णा वाळवण काढून राहिली होती.

तू देवरावच्या दारात पाणी पिणार नाही म्हणाला होता. नको पिऊ. तुह्यं पाणी मी बाहेर रस्त्यावर आणून देईन. पण एवढं तरी लिहून पाठव, ग्रीस चोपडलेला दोर नवा आहे की जुना, हे कसं पाहाचं. देवराव माह्यं ऐकत नाही, तुह्यंही ऐकत नाही. पण तुह्यं लिहिलेलं तो वाचीन.

तुही माय


१२ मे १९६३

शामराव,

तुह्यं पुडकं पौर्णिमेच्या आधी आलं. आत पुन्हा फुटाणे, अन् या वेळी चिठ्ठी. कांतानं वाचली. 'दोरावरून कापडाचं फडकं दाबून फिरवा. अडकलं तर बसू नका. श.' पाच वर्षांनी बोललास, अन् नावाचंही एकच अक्षर. देवरावनं चिठ्ठी हातात घेतली, वाचली, पुन्हा वाचली. म्हणे, "दोर नवा आहे, मी पाहिला." अन् चिठ्ठी खिशात ठेवली. फाडली नाही, हे मी पाहिलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी अन्नपूर्णा भिंतीपाशी लुगडं वाळत घालून राहिली होती. दाढेचं पत्र तिच्याकडून लिहून घेतल्यापासून ती आमच्याकडे आली नव्हती. तिच्या मागे, दाराच्या आत, धोंडबा बाजेवर बसला होता, मले त्याचे पाय दिसत होते. तिनं लुगड्याचा काठ झटकला अन् माह्याकडे तोंड केलं. भाज्यांची नावं म्हणत होती तशीच, आवाज नाही, ओठ मात्र मोठे, सावकाश.

"नवा दोर दाखवाले आहे. लावला जुनाच."

मी मान हलवली नाही. ती पुन्हा म्हणाली, "देवरावले बसू देऊ नका." मग लुगडं नीट केलं अन् आत गेली.

म्हणजे तिनं माह्यं खोटं एक दिवसही खरं मानलं नव्हतं. खूळ सोडलं म्हणून लिहून घेतलं तेव्हाही ती मुकाट्यानं लिहून गेली.

मी देवरावले सांगू शकत नव्हती. सांगतलं तर तो सरळ जाऊन धोंडबालेच विचारीन, दादा, वहिनी असं म्हणते, खरं का? माहा पोरगा सरळ आहे. त्याच्या सरळपणानं दोन घरं पडली असती. कांताले म्हटलं, उद्या विहारात मी काही येडेपणा करीन, तू मले आवरू नको.

पौर्णिमेले वंदना झाली. धोंडबा पुढं उभा होता. मग खीर वाटली. सगळी टोळी पंगतीले बसलेली, बायका वाढून राहिल्या, अन्नपूर्णाच्या हातात पळी. मी मधात जाऊन उभी राहिली अन् म्हटलं, मी बहिरी झाली आहे, हे आज सगळ्याईले सांगते. पण मले ओठ वाचता येतात. कोणीही आवाज न काढता काही म्हणा, मी बोलून दाखवते.

मग लहानू, टोळीतला सगळ्यात चावट, ओठांनी काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, हा म्हणते, देवराव पाळण्यात बसल्या बसल्या डुलक्या घेते. सगळ्याईचे दात दिसले. हसणं ऐकू येत नाही, पण दिसते छान. मग दुसरा म्हणाला, खिरीत साखर कमी आहे. मी म्हटलं, हा साखर मागून राहिला. तिसऱ्यानं मुद्दाम मिशीवर हात ठेवला, त्याले म्हटलं, तू दार लावून बोलून राहिला, पुढं सरक. देवरावही हसला. नाही म्हटलं तरी मायचं कौतुक त्याले वाटत होतं, मले ते दिसलं, अन् मी एक घडी काम विसरली.

मग मी धोंडबाकडे वळली. म्हटलं, "मुकादम, तुमच्याच ओठांवर शिकली मी. तुम्ही माहे मास्तर. आता तुम्ही म्हणा. जास्ती नाही, एवढंच म्हणा, की पाळण्याले लावलेला दोर नवा आहे. आवाज नका काढू."

शामराव, त्यानं नुसते ओठ हलवले असते तरी मी हरली असती. खोटं बोलताना ओठ वाकडे होत नाहीत. त्याले ते माहीत नव्हतं. त्याले वाटलं, मले आतलंही वाचता येते.

त्यानं खांद्यावरचा गमछा घेतला अन् तोंडावर धरला.

खोकल्यासारखं केलं. पण गमछा खाली आला नाही. मी उभी, तो बसलेला, गमछा तोंडावर. लहानूचे दात दिसेनासे झाले. एकेक जण पाहाले लागला, आधी धोंडबाकडे, मग देवरावकडे. देवरावनं खिरीची वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाळण्यात पाय ठेवाच्या आधी खिशातून फडकं काढलं. कांताच्या जुन्या लुगड्याचं. ग्रीसवरून दाबून फिरवलं. हातभरही गेलं नाही, अडकलं. त्यानं ओढलं तर फाटलं, अर्धं दोरालेच राहिलं. उरलेलं मले आणून दाखवलं, तारांनी उभं चिरलेलं, काळं. टोळीतला एकही माणूस बसला नाही. कोणी आरडाओरड केली नाही. सगळे खाली उकिडवे बसले अन् वर पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी आले तर दोर बदललेला. कोणी बदलला, कधी बदलला, कोणी सांगत नाही. देवरावनं त्याच्यावरूनही फडकं फिरवलं. साफ निघालं. काल तो वर जाऊन आला. जेवताना म्हणे, "वरून दुर्गची गाडी दिसते. भाऊ आला तर दाखवीन." हे मी वाचलं, चुकली नाही.

कवडूचा मात्र अजून पायच घसरलेला आहे. धोंडबाही मुकादमच आहे. तोंडावर गमछा बांधून फिरते, म्हणे धूळ फार.

तुह्या भावाचं झालं. आता जे सांगाचं आहे ते सांगते, कांता लिहाले तयार नव्हती.

मी 'लावलेला' म्हटलं. टपरीवर बोलला तेव्हा नवा दोर नव्हता, दाखवाचाही नव्हता, लावाचाही नव्हता. नवा दाखवून जुनाच लावला, हे तो फक्त घरात बोलला होता, मीठ मागते तसा. ते माह्या तोंडून बाहेर पडलं अन् मी समोर पाहिलं तर अन्नपूर्णाच्या हातातली पळी हवेत थांबली होती. धोंडबानं गमछ्यावरून माह्याकडे नाही पाहिलं. तिच्याकडे पाहिलं.

तेव्हापासून ती दिसली नाही. खिडकी लावलेली आहे. वाळवणाची दोरी रिकामी. कांता दोनदा जाऊन आली, धोंडबा दारातूनच म्हणते, ताप आहे, झोपली आहे. चूल पेटते, धूर दिसते. मी भिंतीले हात लावून बसते. तळपायानं घण कळते, पण भिंतीतून माणूस कळत नाही. माह्याजवळ कान असते तर रात्रंदिवस लावले असते. जेव्हा नव्हते तेव्हा मजा वाटली, आता नाहीत हे कळते.

तू केव्हा येशील तेव्हा ये, लवकर ये. पण पुडकं त्याच्या आधी पाठव, हे पत्र मिळाल्याबरोबर. या वेळी दोन पुडकी कर. एक आमचं, त्यात काय टाकाचं ते टाक. दुसरं अन्नपूर्णाचं. त्याच्यावर तिचं नाव मोठ्या अक्षरात लिही, अन् दुर्गच्या तुह्या माणसाले बजाव की रेल्वेचं पार्सल आहे, जिच्या नावाचं तिच्याच हाती देणार, अंगठा नाही, तिची सही लागते, नवऱ्याची चालत नाही. खोटं आहे, पण तो सायकलवरून ओरडून सांगीन तर धोंडबाले दार उघडावं लागीन. मी ओट्यावर बसून असेन. तिनं दारात एवढंसं तोंड माह्याकडे केलं तरी पुरे.

तिच्या पुडक्यात फुटाणे टाकू नको. चावणारं तोंड वाचता येत नाही. शेवया पाठव, हातच्या, बारीक, अन् गूळ वेगळा बांध.